वीसपट आणि चाळीसपट: मुंग्या ओळखण्यासाठी वापरलेल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपचे परीक्षण

गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात राहून, जवळ कोणतीही प्रयोगशाळा नसताना, ज्यांना मुंग्यांच्या जाती ओळखायच्या आहेत त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. परीक्षणाची वस्तू म्हणजे वीसपट आणि चाळीसपट अशी दोनच वर्धने असलेला, दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप. शाळा-महाविद्यालयांसाठी बनवलेले हे यंत्र दहा हजार रुपयांच्या आत मिळते. एकाच घडणीचे यंत्र अनेक नावांनी विकले जात असल्यामुळे नावापेक्षा घडणीबद्दल बोलणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगतो: मुंगी प्रजातीपर्यंत, म्हणजे तिच्या दोन शब्दी शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत, खात्रीने ओळखण्यासाठी हे यंत्र पुरेसे आहे, नावाच्या दुसऱ्या शब्दापर्यंत ते मोठ्या मुंग्यांच्या बाबतीत बरेचदा पोहोचवते, मात्र पालापाचोळ्यातल्या अगदी बारीक मुंग्यांच्या बाबतीत पोहोचवत नाही. ही मर्यादा पैसे देण्यापूर्वीच लक्षात घेतली, तर पुढे निराशा होणार नाही.

अशा यंत्राची गरज का पडते, हे मुंग्यांची संख्या पाहिल्यावर कळते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुंग्यांच्या यादीत १०० प्रजातींमधील ८२८ जाती आणि उपजाती नोंदवलेल्या आहेत. आपल्याकडे बोलताना मात्र काळा मुंगळा, लाल मुंगी आणि झाडावरची चावरी मुंगी एवढ्यावरच भागते. शास्त्रीय ओळख रंगावर फारशी अवलंबून नसते. कंबरेला गाठ एक आहे की दोन, शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, खंड किती, त्यांपैकी टोकाचे किती खंड जाड झालेले आहेत, उदराच्या टोकाला नांगी आहे की केसांची कड असलेले गोल छिद्र, पाठीच्या मागच्या भागावर काटे आहेत का, जबड्याला दात किती, असे प्रश्न एकामागून एक सोडवत जावे लागते. तीन मिलिमीटर लांबीच्या मुंगीच्या शृंगिकेचे खंड नुसत्या डोळ्यांनी मोजणे कोणालाही शक्य नाही.

दहापट वर्धनाचे हातातले भिंग वावरात आणि रानात उत्तम काम देते आणि ते खिशात असलेच पाहिजे. परंतु भिंग एका हातात, मुंगी दुसऱ्या हातात आणि श्वास रोखलेला, अशा अवस्थेत बारा खंड मोजताना गणती हमखास चुकते. मोबाइलला चिमट्याने लावायच्या भिंगाने चित्र सुंदर येते, पण मुंगी फिरवून तिची दुसरी बाजू पाहण्याची सोय त्यात नाही. संगणकाला जोडायच्या आणि हजारपट वर्धनाचा दावा करणाऱ्या स्वस्त डिजिटल यंत्रांपासून मी सर्वांना परावृत्त करीन, कारण पडद्यावर चित्र ताणून मोठे केल्याने त्यात नवा तपशील येत नाही आणि खोलीची जाणीव तर मुळीच होत नाही. मुंगीच्या शरीरात उंचवटे, खाचा आणि काटे यांनाच महत्त्व असल्यामुळे खोली दिसणे ही इथे मूलभूत गरज आहे.

ही खोली दिसते ती यंत्राच्या रचनेमुळे. ग्रीनो या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात सुचवलेल्या पद्धतीनुसार यात दोन स्वतंत्र नळ्या एकमेकींशी थोडा कोन करून बसवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित वेगळ्या बाजूने दिसते आणि मेंदू त्यातून उंच-सखलपणा जुळवतो. महाविद्यालयात आपण वापरलेल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात चित्र उलटे दिसते. इथे ते सुलटे दिसते, म्हणून सुई उजवीकडे सरकवली की चित्रातही ती उजवीकडेच सरकते. दहापटीच्या नेत्रभिंगाला दोनपटीचे वस्तुभिंग जोडले की वीसपट वर्धन मिळते आणि सुमारे दहा मिलिमीटर रुंदीचे वर्तुळ दिसते. चारपटीचे वस्तुभिंग फिरवून आणले की चाळीसपट मिळते आणि वर्तुळ निम्म्यावर येते. भिंग आणि मुंगी यांच्यात सुमारे दोन इंचांची मोकळी जागा राहते. बारीक ब्रश आणि दोन सुया हाताळून मुंगीचे पाय बाजूला करता येणे, मान वळवता येणे, जबडा हलकेच उघडता येणे, हे सगळे त्या दोन इंचांमुळे शक्य होते. माझ्या दृष्टीने या यंत्राचा सर्वात मोठा गुण हाच आहे.

आता प्रकाशाकडे येतो, कारण या यंत्राची सर्वात मोठी उणीव तिथे आहे आणि ती दूर करणे वापरणाऱ्याच्या हातात आहे. यंत्रासोबत आलेला वरचा दिवा एकाच बाजूने आणि थेट पडतो. मुंगीचे कवच बहुधा चकचकीत असते, त्यामुळे अशा प्रकाशात तिच्या डोक्यावर एक पांढरा डाग तेवढा चमकतो आणि त्या डागाखालची खरी नक्षी, म्हणजे रेषा, जाळी किंवा बारीक खळगे, नाहीशी होते. ज्या जाती या नक्षीवरूनच वेगळ्या केल्या जातात, त्यांच्या बाबतीत हा दोष घातक ठरतो. उपाय स्वस्त आहे. बटर पेपरची दीड-दोन इंच उंचीची नळी करून ती मुंगीभोवती उभी ठेवावी आणि दोन बाजूंनी दोन छोटे पांढरे एलईडी दिवे त्या कागदावर पाडावेत. कागदातून झिरपलेला प्रकाश चहूबाजूंनी सारखा पडतो आणि डाग विरतो. नंतर एका बाजूचा दिवा थोडा मंद केला की काटे आणि खाचा यांची सावली पडून त्या उठून दिसू लागतात. एवढी व्यवस्था केल्यावर याच भिंगांतून जे दिसते, ते पाहून विक्रेत्यांनी दिव्याकडे इतके दुर्लक्ष का करावे, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. हे दिवे रिचार्ज होणारे असावेत, कारण आमच्याकडे भारनियमन असले किंवा पावसात वीज गेली, तरी काम अडत नाही.

यंत्राची पारख करण्यासाठी आधी ओळखीच्या मुंग्या घ्याव्यात. मेरानोप्लस बायकलर ही केसाळ, तांबूस अंगाची आणि काळ्या उदराची मुंगी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सहज सापडते; वीसपट वर्धनात तिच्या वक्षावरची चपटी ढाल आणि तिच्या मागे आलेले काटे इतके स्पष्ट दिसतात की शंकेला जागा राहत नाही. मिर्मिकेरिया ब्रुनिया या तपकिरी मुंगीच्या शृंगिकेत फक्त सात खंड असतात आणि तिचे उदर खाली वळलेले असते. सातच्या सात खंड वीसपटीतही मोजता येतात. क्रेमॅटोगॅस्टर प्रजातीत कंबरेची दुसरी गाठ उदराच्या वरच्या पृष्ठभागाला जोडलेली असते, आणि म्हणूनच ही मुंगी उदर उचलून डोक्यावर आणू शकते. तो जोड एकदा बाजूने पाहिला की ही प्रजाती पुन्हा कधीही ओळखायची राहत नाही. वावरात मावा आणि तुडतुड्यांभोवती फिरणारा काळा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याच्या उदराच्या टोकाला नांगी नसून केसांच्या झालरीचे गोल छिद्र असते; चाळीसपटीत ती झालर दिसते. फायडोले आणि सोलेनॉप्सिस यांचा गोंधळ नेहमी होतो. पहिलीच्या शृंगिकेत सहसा बारा खंड असून शेवटचे तीन जाड असतात आणि दुसरीच्या कामकरी मुंगीत दहा खंड असून शेवटचे दोन जाड असतात. हा फरक यंत्राने बिनचूक दाखवला.

खरी कसोटी मात्र पालापाचोळ्यात लागते. पहिला चांगला पाऊस होऊन गेला की मोहाच्या झाडाखालचा ओला पाला धान्याच्या चाळणीतून पांढऱ्या ताटात चाळावा आणि ताटाकडे काही मिनिटे न हलता पाहत राहावे. मातीचा कण वाटणारी एखादी गोष्ट हळूच चालू लागते. आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाखाली मला अशीच एक पिवळसर तपकिरी मुंगी मिळाली. तिची लांबी अडीच मिलिमीटरही भरत नव्हती आणि हात लागताच ती पाय आखडून निपचित पडत असे. ही सवय असलेल्या मुंग्या माणसाच्या नजरेतून सुटतात यात नवल नाही. गावात तिला नाव नाही आणि नाव असण्याचे कारणही नाही, कारण ती घरात येत नाही, चावत नाही आणि धान्य नेत नाही.

वीसपटीत पाहताच तिचे डोके लक्ष वेधून घेते. मागच्या बाजूला ते रुंद आणि मधोमध खाच असलेले, तर पुढे निमुळते होत गेलेले आहे. त्याच्यापुढे दोन लांब, सरळ जबडे निघालेले आहेत आणि त्यांची टोके आत वळलेली आहेत. शेजारचे काकाजी डोळे लावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, हिच्या तोंडात तर कैचीच हाय ना जी!’’ चाळीसपटीत शृंगिकेचे सहा खंड मोजता आले आणि शेवटचा खंड सर्वात लांब असल्याचे दिसले. शृंगिका ज्या खाचेत मिटून बसते, त्या खाचेच्या खालच्या कडेला अगदी लहान डोळा आहे, त्यामुळे समोरून पाहताना तो दिसतच नाही आणि मुंगी कुशीवर वळवावी लागते. अंगावरचे काही केस टोकाला पसरट झालेले आहेत. सर्वात निर्णायक खूण कंबरेवर आहे: दोन्ही गाठींच्या खाली आणि बाजूंना पांढुरका, सच्छिद्र, स्पंजासारखा भाग लटकलेला आहे. असे निमुळते डोके, कमी खंडांची शृंगिका, असे जबडे आणि हा स्पंजी भाग एकत्र आले की ती मुंगी स्ट्रुमिजेनिस प्रजातीची असते, यात संशय राहत नाही.

स्ट्रुमिजेनिस ही जगातील मोठ्या मुंगी-प्रजातींपैकी एक असून तिच्या आठशेहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेक उष्ण प्रदेशांतील आहेत. ओल्या पाल्यात राहणारे, उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म जीव हे तिचे मुख्य भक्ष्य. लांब जबड्यांच्या जाती जबडे पूर्ण उघडे ठेवून अतिशय सावकाश पुढे सरकतात आणि पुढचे बारीक केस भक्ष्याला लागताच जबडे क्षणार्धात मिटतात. शत्रू जवळ येताच उडी मारणारा जीव पकडायचा असेल, तर मिटणे उडीपेक्षा जलद असावे लागते. मी चाळणीतल्या मातीत याच मुंगीबरोबर स्प्रिंगटेलही पाहिले; दोघेही त्याच ओंजळभर पाल्यात राहतात, हे पाहून फार आनंद झाला.

इथपर्यंत यंत्राने पूर्ण साथ दिली, पण जात कोणती, हा प्रश्न आला आणि त्याची ताकद संपली. स्ट्रुमिजेनिसच्या जाती ठरवताना जबड्याच्या टोकावरील काट्यांच्या मधे किती दातुऱ्या, म्हणजे बारीक दात, आहेत, टोकाच्या आधी जबड्याच्या आतल्या कडेला दात कुठे आणि किती आहेत, वक्षाच्या खांद्यावर एक लांब केस आहे की नाही, अशा खुणा पाहाव्या लागतात. चाळीसपटीत काट्यांच्या मधे काहीतरी आहे एवढे कळते. ती दातुरी एक आहे की दोन, हे कळत नाही. त्यासाठी ऐंशी ते शंभरपट वर्धन आणि त्याला साजेशी उच्च प्रतीची भिंगे लागतात. नेत्रभिंग वीसपटीचे लावून ऐंशीपट करण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. त्याने चित्र मोठे आणि काळपट होते, तपशील वाढत नाही, म्हणून तो खर्च करू नये.

मोजमापाची सोय यंत्रात मुळात नाही, ती वेगळी घ्यावी लागते. नेत्रभिंगात बसणारी, दहा मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचेची चकती मिळते. दोनपटीच्या वस्तुभिंगाबरोबर तिचा एक भाग ०.०५ मिलिमीटरचा आणि चारपटीबरोबर ०.०२५ मिलिमीटरचा होतो, मात्र प्रत्येक यंत्रावर प्रमाणित पट्टीने तो एकदा पडताळून घेतलाच पाहिजे. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, शृंगिकेच्या पहिल्या लांब खंडाची लांबी आणि वक्षाची तिरपी लांबी ही चार मापे जवळजवळ प्रत्येक वर्णनात असतात. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की डोक्याचा निर्देशांक येतो, आणि पहिल्या खंडाच्या लांबीला डोक्याच्या रुंदीने भागून शंभराने गुणले की शृंगिकेचा. डोके अर्धा मिलिमीटर रुंद असेल तर चाळीसपटीतही ते चकतीवर वीसच भाग व्यापते, म्हणजे एका भागाची चूक ही पाच टक्क्यांची चूक होते. म्हणून बारीक मुंगीचे एकच माप पुनःपुन्हा घ्यावे, शक्य तर एकाच वारुळातल्या अनेक मुंग्यांचे घ्यावे आणि वर्णनात सर्वात लहान व सर्वात मोठा असे दोन्ही आकडे लिहावेत.

मुंगी कशी बसवली आहे, यावरही यंत्र किती उपयोगी पडेल हे ठरते. स्पिरिटमध्ये बुडालेली मुंगी चमकते आणि हलते. जाड कागदाचा अरुंद त्रिकोण कापून, त्याचे टोक किंचित वाकवून, त्यावर डिंकाचा सूक्ष्म थेंब घ्यावा आणि मुंगीच्या उजव्या बाजूने, मधल्या व मागच्या पायांच्या मुळांमध्ये तो टेकवावा. असे केले की डोके, पाठ आणि डावी बाजू पूर्ण मोकळी राहतात. त्रिकोणातून टोचलेल्या टाचणीलाच गाव, तालुका, जिल्हा, तारीख, झाड किंवा मातीचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याला शास्त्रात काहीही किंमत नाही.

यंत्राच्या जोडीला अँटवेब हे मोफत संकेतस्थळ मी तितकेच महत्त्वाचे मानतो. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस ही संस्था ते चालवते, आणि तिथे नमुन्यांची छायाचित्रे समोरून डोके, बाजूने पूर्ण अंग आणि वरून पाठ अशा ठरावीक तीन दिशांनी घेतलेली असतात. आपली मुंगी यंत्राखाली नेमकी त्याच तीन दिशांनी ठेवली की तुलना सरळ होते. जुन्या वर्णनांसाठी बिंगहॅम यांचा ब्रिटिश भारतातील मुंग्यांवरचा १९०३ चा खंड अजूनही कामाचा आहे, फक्त त्यातली नावे आज तपासून घ्यावी लागतात. धान्याचे दाणे साठवणारी जी मुंगी तिथे होल्कोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स म्हणून येते, ती पुढे मोनोमोरियममध्ये गेली आणि २०१५ नंतर ट्रायकोमिर्मेक्समध्ये आहे. मुंगी तीच असूनही एवढे नाव बदलले, हे ठाऊक नसेल तर आपल्याला नवीन जात सापडली असा समज व्हायला वेळ लागत नाही.

यंत्राचे काही दोषही नोंदवतो. चित्र स्पष्ट करण्याची फिरकी कालांतराने सैल झाली आणि नेत्रभिंगावर मोबाइल बसवला की यंत्राचे डोके हळूहळू खाली घसरू लागले. फिरकीच्या दोन्ही मुठी हातांनी एकमेकींविरुद्ध फिरवून ती आवळता येते, पण ही माहिती सोबतच्या कागदावर कुठेही नव्हती. विक्रेत्याकडे विचारणा केली असता यंत्र स्वखर्चाने परत पाठवावे, एवढेच उत्तर मिळाले, आणि खेड्यातून इतकी जड व नाजूक वस्तू पाठवणे परवडणारे नव्हते. नेत्रभिंगांमधले अंतर जुळवण्याची व्यवस्था मोठ्यांना पुरते, लहान मुलांच्या डोळ्यांना ती कमी पडते. आमच्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा भिंगांवर बुरशी आणते, म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात काम झाल्यावर यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि जेल ओले झाले की तापवून पुन्हा वापरावे. भिंगांची स्वच्छता, चित्राची धार आणि दोन्ही नळ्यांचा जुळलेला मेळ याबाबत मात्र तक्रार करण्यासारखे काही आढळले नाही. तासन्‌तास पाहूनही डोके दुखत नाही, ही या किमतीत मोठी गोष्ट आहे.

घ्यावे की नाही, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. आपल्या शेतातल्या, परसातल्या आणि गावतळ्याच्या काठच्या मुंग्या प्रजातीपर्यंत ओळखून त्यांची नीट नोंद करायची असेल, तर या यंत्राहून कमी खर्चात दुसरे काही मिळणार नाही. वाढीव पैसे अधिक वर्धनावर न घालता दिवे, मोजपट्टीची चकती आणि चांगल्या सुयांवर घालावेत. शाळेने एकच यंत्र घ्यायचे असेल तरी मी हेच सुचवीन. नवीन जातीचे वर्णन प्रसिद्ध करण्याची आकांक्षा असेल, तर मात्र एका यंत्रावर विसंबून चालणार नाही: त्यासाठी मूळ नमुना, म्हणजे ज्याच्याशी त्या जातीचे नाव कायमचे जोडले जाते तो नमुना, निश्चित करावा लागतो, तो कायम जतन होईल अशा संग्रहात ठेवावा लागतो आणि जवळच्या ज्ञात जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची पुणे आणि जबलपूर येथे प्रादेशिक केंद्रे आहेत; त्यांपैकी जबलपूरचे आपल्याला जवळचे आहे. नागझिरा-नवेगाव किंवा कोणत्याही संरक्षित जंगलातून वन विभागाच्या परवानगीशिवाय एकही मुंगी उचलू नये. स्वतःच्या वावरातला पाला कित्येक वर्षे पुरेल इतका समृद्ध असतो. माझी स्ट्रुमिजेनिस त्रिकोणावर चढवून, चार मापे आणि तीन दिशांची छायाचित्रे जोडून, जातीच्या जागी केवळ ‘‘जात अनिश्चित’’ असे लिहून ठेवली आहे, आणि अधिक वर्धनाखाली पाहणाऱ्या तज्ज्ञाला तेवढी माहिती पुढचे काम सुरू करण्यास पुरेशी आहे.